लंगडत गेलेला प्राणी

माझ्या मुलीला टीबी माझ्यामुळे झाला. हे वाक्य तोंडाने म्हणायला मला दोन वर्षं लागली आणि कागदावर उतरवायला त्याहून कितीतरी जास्त. पण याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. बरेच महिने तिची समजूत होती की मला टीबी तिच्यामुळे झाला. आणि मी ती समजूत तशीच राहू दिली.

आजारातून बरे झालेले लोक धीर देणारं लिहितात. माझ्याकडे देण्यासारखा धीर फारसा नाही. तरीही लिहितोय, कारण माझ्यासारखा कोणीतरी आज टेबलाच्या खणात गोळ्यांची पाकिटं लपवून घरी 'धुळीचा खोकला' म्हणून सांगत असेल. त्याने हे वाचावं.

सात ते साडेआठ

मी नाशिक रोडला राहतो. तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होतो, वय त्रेचाळीस. बायको सुनंदा आणि एकुलती एक मुलगी स्नेहल.

स्नेहल दहावीला असताना तिच्या सहामाहीच्या मार्कांवरून देवळ्याला, आमच्या गावी, सगळ्या नातेवाइकांसमोर मी तिला थोबाडीत मारली होती. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोले. "पप्पा, सही." "पप्पा, फोन." एवढंच.

दहावीची परीक्षा संपली आणि तिचा मामा सुट्टीवर आला. तो जहाजावर नोकरीला. त्याने तिला हातात धरून खेळायचा एक कन्सोल आणला, नवा, आणि स्वतःचा जुनाही तिच्याकडेच सोडून गेला. त्यात एक गेम होता. जंगलात, बर्फात, दलदलीत घराएवढे प्राणी असतात आणि त्यांची शिकार करायची. दोन कन्सोल जवळ आणले की ते आपोआप जोडले जात आणि दोघांना एकाच शिकारीला जाता येई. तिच्या वर्गात कुणाकडे असलं काही नव्हतं.

एका संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा एकटीने मरत नाहीये. दुसरं कोणीतरी लागतं. येता का?"

मी कॅरमपलीकडे काही खेळलेलो नव्हतो. पेपर खाली ठेवून उठलो.

तिने स्वतःला लांब तलवार घेतली आणि मला हातोडा दिला. "तुम्हाला नेम जमणार नाही पप्पा. हातोड्याला नेम लागत नाही, नुसतं हाणायचं." नियम असा की शिकारीत दोघांनी मिळून तीनदाच बेशुद्ध पडायचं. एकटा तीनदा पडला तरी दोघांची शिकार फसते. पहिल्या आठवड्यात तिन्ही वेळा मीच पडायचो.

"पप्पा! तिन्ही तुम्हीच खाल्लेत! मला एक तरी ठेवायचा ना!"

"पुढच्या वेळी ठेवतो."

"पुढच्या वेळी तुम्ही तंबूतच बसा. मी जाऊन येते."

पुष्कळ दिवसांनी ती माझ्यावर हसत होती. मला ते हसणं पुरत नव्हतं.

रोज सात ते साडेआठ, तिच्या खोलीत, पलंगावर खांद्याला खांदा लावून आम्ही बसायचो. खिडकी बंद. उघडी ठेवली की समोरच्या दिव्याचा उजेड स्क्रीनवर पडे आणि रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात गेममधले आवाज येत नसत. स्नेहल सगळं कानांनी खेळायची. प्राणी दिसायच्या आधी त्याच्या पंखांची फडफड तिला ऐकू येई. "आला. डावीकडून. पप्पा, पळा!" आणि खरंच तो डावीकडून येई.

अर्धा तास मारल्यावर प्राणी लंगडत निघून जायचा. मला वाटे, जिंकलो. पहिल्यांदा असा लंगडत गेला तेव्हा मी हुश्श करून कन्सोल मांडीवर ठेवला. ती ओरडली, "अहो पप्पा, उठा! लंगडतोय म्हणजे मेला नाही. गुहेत जाऊन झोपणार आता. झोपून उठला की ताजातवाना, मग परत पहिल्यापासून. आत्ताच मागे जायचं."

खणातल्या गोळ्या

पुढच्या हिवाळ्यात, ती अकरावीला असताना, मला खोकला लागला. एक महिना गेला, दुसरा गेला. कारखान्याजवळच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, थुंकी तपासली आणि सांगितलं, टीबी आहे. घाबरायचं कारण नाही. सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. सुरुवातीला वेगळं झोपायचं, तोंडाला रुमाल, खिडक्या उघड्या, बंद खोलीत कुणाच्या जवळ बसायचं नाही. आणि घरच्यांना सांगून त्यांचीही तपासणी करून घ्यायची.

मी घरी सांगितलं, "ब्राँकायटिस आहे. धुळीचा."

नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणायचो की लाज वाटली, कॉलनीत बोभाटा झाला असता, उद्या मुलीचं लग्न करायचं होतं. यातलं थोडंफार खरं आहे. पण खरं कारण तो दीड तास होता. टीबी हा शब्द उच्चारला असता तर सुनंदाने स्नेहलला माझ्या शेजारी बसू दिलं नसतं. तो दीड तास गेला की मी पुन्हा 'पप्पा, सही'वर येणार, ही मला भीती. मी मुलीच्या फुप्फुसांपेक्षा तिचं माझ्याशी हसणं मोठं धरलं. यालाच मी तेव्हा प्रेम म्हणत होतो.

गोळ्या कारखान्यात टेबलाच्या खणात ठेवायचो. त्यांनी लघवी लाल व्हायची, म्हणून घरी दोन-दोन बादल्या पाणी ओतायचो. एकदा सुनंदाने विचारलं, "अहो, डब्यात कुणाचं बीट खाल्लंत का?" मी म्हणालो, "हो, कुलकर्ण्यांचं." कुलकर्णी नावाचा माणूस आमच्या विभागात नव्हताच.

तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला. वजन वाढलं. गोळ्यांनी मात्र सारखं मळमळायचं आणि संध्याकाळी स्क्रीनकडे बघवत नसे. एक दिवस खणातलं पाकीट संपलं. दुसरं आणलं नाही. उद्या आणू म्हटलं. मग उद्याही.

तो लंगडत गेला होता. मी मागे गेलो नाही.

"घरात कुणाला होता का?"

आठ-नऊ महिन्यांनी खोकला परत आला. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी कुठेही लिहिणार नाही. खिशात खडीसाखर ठेवायचो, खोकल्याची उबळ आली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो. आणि सातला खिडकी लावून तिच्या शेजारी बसायचो.

स्नेहल बारावीला होती. तिला संध्याकाळी कणकण येऊ लागली. पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागला. सुनंदा म्हणाली, अभ्यासाने वाळलीय. मी मान डोलावली.

ज्या दिवशी तिचं निदान झालं, त्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत होतो. डॉक्टरबाई मध्यमवयीन, शांत. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "घरात कुणाला होता का टीबी?"

"नाही हो डॉक्टर," सुनंदा लगेच म्हणाली. "आमच्या घरात कुणालाच नाही."

मी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होतो. त्याचा काटा शून्याच्या जरासा पुढे होता. ते मला आजही दिसतं.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला खोकला आहे का?"

"धुळीचा आहे."

"तरी एक फोटो काढून घ्या."

"उद्या काढतो."

काढला नाही. त्या खोलीत मी एक वाक्य बोललो असतो, तर त्यांनी तिची थुंकी पुढच्या तपासणीला पाठवली असती. कारण माझ्या अर्धवट गोळ्यांनी माझ्या अंगातला जंतू निर्ढावला होता आणि मी तिला तोच दिला होता. नेहमीच्या गोळ्यांना तो जुमानणार नव्हता. पण डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून तिला नेहमीच्याच गोळ्या सुरू झाल्या.

चार महिने तिने त्या घेतल्या. कॅलेंडरवर रोज पेनाने फुली मारायची. एकही चौकोन मोकळा नव्हता. बारावीची परीक्षा बुडाली. वजन वाढेना, ताप जाईना. डॉक्टरबाई चक्रावल्या. आणि मी ते कॅलेंडर बघत रोज पोहे खाऊन कामाला जात होतो.

एका सकाळी पोहे खाताना उबळ आली. बेसिनपाशी पोचलो तोवर तोंडात गरम, खारट काहीतरी आलं. मागे स्नेहल उभी होती.

"मम्मी! पप्पांना रक्त!"

रिक्षात ती माझ्या शेजारी होती, तोंडाला ओढणी धरून. रडत म्हणाली, "पप्पा, माझ्यामुळे झालं ना तुम्हाला?"

मी डोळे मिटून घेतले. आपल्याला बोलवत नाही, असं स्वतःला सांगितलं. बोलवत होतं.

वॉर्ड

भरती होताना डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. मरणाच्या भीतीने सांगितलं, दुसरं काही नाही. त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर..." आणि स्नेहलचा केसपेपर मागवला.

बाहेरच्या बाकावर सुनंदा बसली होती. तिने दारातून ऐकलं होतं. पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "एवढं खोटं बोलायला कधी शिकलात हो?" थोड्या वेळाने, "पोरीला आत्ता सांगू नका. तिने रागाने गोळ्या सोडल्या ना, तर मी तुम्हाला या जन्मात तोंड दाखवणार नाही."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. गप्प राहायला मला आता बायकोची आज्ञा मिळाली होती.

आमच्या दोघांच्या तपासण्यांचे रिपोर्ट यायला कित्येक आठवडे लागले. दोन्ही सारखे. वेगळी औषधं, जवळजवळ दोन वर्षं, आणि पहिले सहा महिने रोज इंजेक्शन. तिला घरी, गल्लीतल्या नर्सबाई येऊन द्यायच्या. मला वॉर्डात.

वॉर्डाचा दिवस ठरलेला. पहाटे ताप मोजायचा. झाकणाच्या कपात थुंकायचं. चहा. मग मूठभर गोळ्या, आणि त्या पोटात टिकाव्यात म्हणून तासभर हलायचं नाही. दहाला इंजेक्शन. सिस्टर रोज विचारायच्या, "काय भाऊ, आज डावी बाजू का उजवी?" टोचून टोचून बसायला जागा उरली नव्हती, पण त्या टोचण्याआधी बाटली तळहातात धरून गरम करायच्या, म्हणजे कमी झोंबतं. त्या दोन महिन्यांत माझ्यावर कुणी दया केली असेल तर ती एवढी. मी तीही घ्यायच्या लायकीचा नव्हतो.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचे रामदास गावित होते. भात आणि नागली पिकवणारा माणूस, साठीच्या आसपासचा. बायको आली की नागलीची भाकरी आणायची आणि ते अर्धी माझ्या ताटात टाकायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुला कोणाकडनं लागला रं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"मला भावाकडनं. त्याच्या गोळ्या चालू व्हत्या. मग द्राक्षाच्या कामाला गेला निफाडकडं. तिथं गोळ्या कोण देतो? सुटल्या. आला तं खोकतच आला." ते भाकरी चावत राहिले. "मी नाय बोलत त्याला काय. पोटासाठी गेला व्हता. काम सोडून गोळ्या खायला बसला असता तं पोरं काय खाती?"

आणि मग सहज, काही मनात न ठेवता, "काम नसता एखादा गोळ्या सोडंल का? येडा हाय का तो?"

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. त्यांच्या भावाला पोट होतं. मला काय होतं?

दिवाळीआधी रामदासभाऊंचा ताप वाढत गेला. एके दुपारी त्यांची खाट मोकळी झाली. त्यांची बायको जाताना भाकरीचं फडकं माझ्या खाटेवर विसरून गेली. ते मी बरेच दिवस उशीखाली ठेवलं होतं.

एकाच खोलीत

मला घरी सोडलं. आजार दोघांचा एकच, म्हणून आम्ही दोघांनी एका खोलीत राहायला हरकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. सुनंदाने मात्र बाहेर. ती दारातल्या स्टुलावर ताटं ठेवायची आणि उंबऱ्यापलीकडून आम्हाला जेवताना बघायची. खिडकी चोवीस तास उघडी, तसा हुकूमच होता.

पहिल्याच संध्याकाळी स्नेहलने दोन्ही कन्सोल बाहेर काढले. हाडं दिसणारे हात. "आता तर कोणी ओरडणार पण नाही पप्पा. दिवसभर खेळू."

आम्ही खेळलो. काय करणार होतो? पण पूर्वी मी पडायचो, आता ती पडू लागली. प्राणी मागून यायचा आणि तिला कळायचंच नाही. प्रत्येक वेळी म्हणायची, "सॉरी पप्पा." तीन वेळा, चार वेळा, रोज. "सॉरी पप्पा, माझ्यामुळे गेली शिकार."

एकदा पंखांची फडफड मला ऐकू आली. मला! मी म्हणालो, "आला, डावीकडून." तिने वर बघितलं नाही. प्राण्याने तिला उडवलं.

"ऐकू नाही आलं तुला?"

"आवाज कमी केलाय मी," ती म्हणाली.

ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिचा कन्सोल हातात घेतला. आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवलेला होता.

इंजेक्शनांनी कानावर परिणाम होऊ शकतो, हे आम्हाला सांगितलेलं होतं. काहीही वाटलं की लगेच कळवा, असंही. तीन आठवड्यांपासून तिच्या कानात शिट्टी वाजत होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"का नाही बोललीस?" मी ओरडलो.

"त्यांनी इंजेक्शन बंद केलं असतं. मग मी लवकर बरी कशी होणार? तुम्हाला दिलाच मी. आता मम्मीला पण देऊ का?"

लपवणं ती माझ्याकडून शिकली नव्हती. ती माझा गुन्हा फेडायला लपवत होती.

दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली. इंजेक्शन थांबवलं, औषध बदललं. पण गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं. उजवा कान जवळजवळ गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. पाखरांचे आवाज, कुकरची शिट्टी, दाराची बेल, हे सगळं तिच्यापुरतं संपलं. तीच इंजेक्शनं, तितकेच दिवस, मीही घेतली होती. माझे दोन्ही कान शाबूत राहिले. याचा अर्थ मला आजपर्यंत लावता आलेला नाही.

त्या दिवसांत मला जगावंसं वाटत नव्हतं. गोळ्यांची मूठ तोंडाशी नेताना रोज वाटायचं, कशाला? एकदा मी तसं सुनंदाला बोलून दाखवलं. ती उंबऱ्यापलीकडे गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"काल तुम्ही झोपला होतात तेव्हा पोरगी देवापुढे उभी होती," ती म्हणाली. "मोठ्याने बोलत होती, तिला आता कळत नाही आवाज केवढा होतो ते. काय म्हणत होती सांगू? माझ्यामुळे पप्पांना झालं, त्यांना बरं कर, मला काही नको." मग सूप खाली ठेवलं. "मीच सांगू नका म्हटलं होतं. आता मीच सांगते, आजच बोला. मरायचं असेल तर त्यानंतर मरा."

नंतरचं, आधी

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. आम्ही दोघांनी औषधं पूर्ण केली, एकही दिवस न चुकवता. कॅलेंडरवर आता दोन फुल्या असायच्या, तिची निळी, माझी काळी. कागदोपत्री दोघंही बरे आहोत. स्नेहल डाव्या कानाला यंत्र लावते. बारावी तिने उशिरा केली, इंजिनिअरिंगचं राहिलं. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, जिथे फोन घ्यावा लागत नाही असं. ते कन्सोल कपाटात आहेत. त्या संध्याकाळनंतर ती माझ्याबरोबर कधी खेळली नाही. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

तुमच्या घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर त्या मोजा. आणि तुमच्याच चालू असतील तर आज घरी सांगा. तुम्ही ज्याला जवळ ठेवायला लपवता आहात, त्यालाच तो लागेल.

आता ती संध्याकाळ.

सात वाजले होते. खिडकी उघडी. समोरच्या इमारतीतल्या काकू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. या कॉलनीला कळू नये म्हणून मी दोन वर्षं खोटं बोललो होतो. सुनंदा स्वयंपाकघरात होती, भांडी वाजत होती. स्क्रीनवर प्राणी लंगडत गुहेकडे निघाला होता.

"चला पप्पा, मागे चला," स्नेहल म्हणाली.

मी कन्सोल पलंगावर ठेवला.

"काय करताय? पडाल ना!"

मी खाली मान घालून बोललो. तिने कपाळाला आठ्या घातल्या. "काय?"

मी उजव्या बाजूला बसलो होतो. उठून डावीकडे गेलो. पुन्हा बोललो.

"मोठ्याने बोला ना पप्पा. कुजबुजताय काय?"

मग मी तिच्यासमोर उभा राहिलो. आयुष्यात तिला मारतानाही एवढा मोठा आवाज मी केला नव्हता.

"स्नेहल, तुझ्यामुळे मला झाला नाही. माझ्यामुळे तुला झाला. मला आधी टीबी झाला होता. मी गोळ्या सोडल्या. परत खोकला आला तेव्हा मला माहीत होतं, तरी खिडकी लावून तुझ्या शेजारी बसलो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. तुझं वर्ष गेलं, कान गेला, ते माझ्यामुळे. रिक्षात तू विचारलंस तेव्हाही मी गप्प बसलो. तुझी काही चूक नाही. माझी आहे. मला माफ कर."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. समोरच्या काकू हातात चादर धरून तशाच उभ्या राहिल्या. पलंगावरच्या कन्सोलमध्ये माझा शिकारी तिसऱ्यांदा पडला आणि हरल्याची धून वाजली. ती तिला ऐकू आली नसणार.

स्नेहल माझ्या ओठांकडे बघत होती.

"परत बोला," ती म्हणाली.

तिला ऐकू आलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी पुन्हा पहिल्यापासून बोललो, एकही शब्द न गाळता, तेवढ्याच मोठ्याने.